कॉलरा ‘पॉझिटिव्ह’ एवढ्यावर अहवाल थांबवू नका: आरोग्य विभागास खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन,
तसेच जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा व शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील सूक्ष्मजीवशास्त्र विभाग यांचे प्रमुख

स. न. वि. वि.

पावसाळा लागला की कुठल्या ना कुठल्या तालुक्यातून जुलाब-उलट्यांची बातमी येते. आरोग्य पथक गावात पोचतं, शाळेत नाहीतर समाजमंदिरात खाटा पडतात, सलाइन लागतात, विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडतं, पाण्यात क्लोरीन आहे का ते पाहणारी ओटी टेस्ट घरोघरी होते. नमुने प्रयोगशाळेत जातात आणि दोन-तीन दिवसांत अहवाल येतो: ‘व्हिब्रिओ कॉलरी आढळला’. रुग्ण कमी होतात, उद्रेक आटोक्यात आल्याचं जाहीर होतं, फाइल बंद होते. ज्या प्लेटवर तो जिवाणू वाढला होता ती ऑटोक्लेव्हमधून निघून कचऱ्यात जाते.

माझी विनंती त्या प्लेटबद्दल आहे. ती टाकण्याआधी तिच्यावरचा जिवाणू नेमका कोणत्या वंशाचा, हे ओळखलं जावं आणि तो जिवंत जपून ठेवला जावा. माझी सगळी नोकरी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाली. हे काम किती साधं आहे आणि ते न केल्याने काय गमावतो, हे मी जवळून पाहिलं आहे. म्हणून लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच मान्य करते. जुलाबाने कोरड्या पडलेल्या माणसाला जिवाणूचा वंश कळून काही उपयोग नाही. त्याला ओआरएस हवं, सलाइन हवं, ते लगेच हवं. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने हजारोंचे प्राण वाचवले, तेव्हा जनुकं वाचण्याची सोय कुठेच नव्हती. पहिल्या दिवसाचं काम तेच आहे. मी बोलते आहे ते दुसऱ्या आठवड्याबद्दल आणि पुढच्या वर्षाबद्दल.

जुलै २०२२ आठवून पाहा. चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत उघड्या विहिरीचं पाणी पिऊन लोक आजारी पडले, माणसं दगावली. त्याच सुमारास अमरावती तालुक्यातल्या नया अकोल्यातही कॉलराचे रुग्ण निघाले. एक ठिकाण मेळघाटच्या डोंगरात, दुसरं खाली सपाटीवर. दोन्हीकडचा जिवाणू एकच होता का? एकच असेल तर तो एका गावाहून दुसरीकडे गेला, की दोन्हीकडे तिसऱ्याच ठिकाणाहून आला? वेगवेगळा असेल तर एकाच आठवड्यात दोन स्वतंत्र कारणांनी दोन उद्रेक झाले, आणि त्यांचे उपायही स्वतंत्र हवेत. रुग्णांची संख्या कितीही काटेकोर मोजली तरी या प्रश्नाचं उत्तर तिच्यात सापडत नाही. ते जिवाणूत असतं. मेळघाटातली कोरकू कुटुंबं मजुरीसाठी महिनोन् महिने बाहेर असतात आणि पेरणीच्या वेळी परततात. त्याच दिवसांत आषाढीच्या पालख्या निघतात आणि राज्याच्या प्रत्येक जिल्ह्यातले लोक एका वाटेवर एकत्र चालतात, मग आपापल्या गावी जातात. या राज्यात जिवाणूला प्रवास करायला भरपूर वाव आहे. त्या प्रवासाची नोंद मात्र आपण ठेवत नाही.

अशी नोंद असली तर काय होऊ शकतं, हे हैतीने दाखवलं. जानेवारी २०१० च्या भूकंपाने तो देश मोडून पडला होता. ऑक्टोबरमध्ये आर्तिबोनित नदीच्या खोऱ्यात कॉलरा सुरू झाला. त्याआधी किमान शंभर वर्षं तिथे कॉलराची नोंद नव्हती. मीर्बाले गावाजवळ, नदीला मिळणाऱ्या ओढ्याकाठी संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेचा तळ होता. तिथले सैनिक नुकतेच नेपाळहून आले होते आणि तळावरचं सांडपाणी ओढ्यात जात असल्याचं स्थानिक लोक सांगत होते. दुसरीकडे काही नामवंत शास्त्रज्ञांचं म्हणणं होतं की समुद्राच्या पाण्यात पूर्वीपासून असलेला जिवाणूच भूकंप आणि हवामानामुळे उफाळला असावा. दोन्ही बाजूंकडे तर्क होते.

नोव्हेंबरच्या पहिल्याच दिवशी अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने पल्स्ड फील्ड जेलचा निकाल जाहीर केला. या पद्धतीत जिवाणूचा सगळा डीएनए एका विशिष्ट विकराने (एन्झाइमने) मोजक्या ठिकाणी कापतात आणि दिशा बदलत्या विद्युतक्षेत्रात जेलमधून पळवतात. तुकड्यांच्या आकारानुसार पट्ट्यांची नक्षी उमटते. एकाच वंशातल्या जिवाणूंच्या नक्ष्या जुळतात. हैतीतली नक्षी दक्षिण आशियातल्या नक्ष्यांशी जुळली आणि समुद्राचा तर्क कमकुवत झाला. पण ‘दक्षिण आशिया’ म्हणजे कोणता देश, हे नक्षीला सांगता येईना, कारण या पट्ट्यांचं डोळ्यांना दिसणारं साम्य फार मोठ्या प्रदेशावर पसरलेलं असतं.

पुढचं काम संपूर्ण जीनोमने, म्हणजे जिवाणूचा सगळा डीएनए अक्षर-अक्षर वाचून, केलं, आणि माझ्या विनंतीचा गाभा इथेच आहे. जुलै ते नोव्हेंबर २०१० दरम्यान नेपाळच्या वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या रुग्णांकडून मिळालेले २४ जिवाणू शिल्लक होते. ते कुणी टाकून दिले नव्हते. त्यांचे जीनोम वाचून हैतीच्या जीनोमशी ताडून पाहिले, तेव्हा नेपाळचे तीन आणि हैतीचे तीन जिवाणू जवळपास एकच निघाले. सुमारे ४० लाख अक्षरांच्या जीनोममध्ये फरक होता एक-दोन अक्षरांचा. हा निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. राष्ट्रसंघाला आपला वाटा मान्य करायला २०१६ उजाडलं. त्या वर्षी डिसेंबरमध्ये सरचिटणीस बान की-मून यांनी हैतीच्या जनतेची माफी मागितली. तोवर लाखो लोक आजारी पडले होते आणि मृतांचा आकडा दहा हजारांच्या आसपास गेला होता.

नेपाळसारख्या साधनांनी मर्यादित देशात ते जिवाणू जपले गेले नसते, तर जगातलं कुठलंही महागडं यंत्र हा प्रश्न सोडवू शकलं नसतं. तुलनेला दुसरी बाजूच उरली नसती.

आता आपल्या टेबलाकडे येते. आपल्या जिल्हा प्रयोगशाळांत जे होतं किंवा व्हायला हवं, ते तसं जुनंच आहे आणि उत्तम आहे. नमुना अल्कलाइन पेप्टोन वॉटर या वाढीच्या द्रवात सहा ते आठ तास ठेवायचा, तिथून टीसीबीएस या व्हिब्रिओसाठीच्या माध्यमाच्या प्लेटवर घ्यायचा. दुसऱ्या दिवशी पिवळ्या, चपट्या वसाहती दिसतात. त्या साध्या अगारवर पुन्हा वाढवून ऑक्सिडेज आणि स्ट्रिंग टेस्ट या ओळखचाचण्या करायच्या, मग काचपट्टीवर ओ१ या कॉलराच्या नेहमीच्या गटाचा अँटीसेरा, म्हणजे त्या गटाला ओळखणारी प्रतिपिंडं असलेला द्रव. गुठळी झाली की ओगावा की इनाबा हा उपप्रकार (सिरोटाइप) पाहायचा. थेट टीसीबीएसवरच्या वसाहतीवर अँटीसेरा टाकण्याची घाई फसवी असते, हे प्रत्येक तंत्रज्ञाला शिकवलं जातं. साथीच्या गर्दीत तेच विसरलं जातं.

ओगावा-इनाबा हा फरक नोंदवायलाच हवा, पण त्याच्यावर फार भार टाकू नये. जिवाणूच्या बाह्य आवरणातल्या साखरेच्या टोकाला एक मिथाइल गट असला की ओगावा, नसला की इनाबा. एका जनुकातल्या बिघाडाने ओगावाचा इनाबा होतो, आणि तोही एकाच साथीत. हैतीत सुरुवातीला ओगावा होता, पुढे त्याच वंशातून इनाबा निघाला. म्हणून ‘दोन्ही गावांत ओगावा सापडला, म्हणजे उगम एकच’ हे चुकीचं, आणि ‘इकडे ओगावा, तिकडे इनाबा, म्हणजे संबंध नाही’ हेही चुकीचं. असे निष्कर्ष अहवालांत जाऊ नयेत.

बायोटाइपचं, म्हणजे ओ१ मधल्या क्लासिकल आणि एल टॉर या दोन प्रकारांचं, तर याहून कठीण झालं आहे. सातवी जागतिक साथ १९६१ मध्ये इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरून निघाली, ती एल टॉर प्रकारच्या जिवाणूची. क्लासिकल आणि एल टॉर वेगळे ओळखायला आम्ही पिढ्यान् पिढ्या चार-पाच कसोट्या शिकलो आणि शिकवल्या: कोंबडीच्या तांबड्या पेशींची गुठळी, व्होगेस-प्रॉस्कॉर ही रासायनिक चाचणी, मेंढीच्या रक्तपेशींचं विघटन, ठरावीक फाजला (जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूला) बळी पडणं, आणि पॉलिमिक्सिन-बी या प्रतिजैविकाची ५० युनिटची चकती. चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ पडलं तर क्लासिकल, नाही पडलं तर एल टॉर. विद्यार्थी आजही परीक्षेत हे लिहितात. पण येमेनमधल्या २०१६-१७ च्या प्रचंड साथीतला जिवाणू एल टॉर वंशाचा असूनही पॉलिमिक्सिनला बळी पडणारा निघाला. कोलकात्यातही गेल्या दशकात असे एल टॉर सापडू लागले. आपल्या एखाद्या प्रयोगशाळेने फक्त त्या चकतीवर विसंबून ‘क्लासिकल कॉलरा परतला’ असा अहवाल दिला तर केवढा गोंधळ उडेल, विचार करा. अभ्यासक्रम आणि प्रयोगशाळांच्या कार्यपुस्तिका या बाबतीत बदलायलाच हव्यात.

विषाचंही तसंच. कॉलराचं विष वेगळं अस्तित्वात आहे हे १९५९ मध्ये कोलकात्यात शंभूनाथ दे यांनी दाखवलं. ते विष बनवणारं जनुक एका विषाणूच्या, म्हणजे फाजच्या, पाठीवर बसून जिवाणूत येतं, हे १९९६ मध्ये उलगडलं. त्यामुळे देवाणघेवाण होते. शरीर एल टॉरचं आणि विष क्लासिकल धर्तीचं, असे संकर आज सगळीकडे आहेत. हैतीत गाजलेला विषजनुकाचा प्रकार त्याच्या कितीतरी आधी, २००६ मध्ये, कोलकात्यातल्या जिवाणूंत होता. हे कळलं कारण तिथल्या राष्ट्रीय कॉलरा आणि आंत्ररोग संस्थेने जुने जिवाणू जपले होते आणि नंतर ते काढून तपासले. एका अक्षराचा फरक ओळखणारी पीसीआर चाचणी त्यासाठी पुरते. आपल्या बहुतेक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत कोविडनंतर पीसीआर यंत्र आहे.

आणि जे जिवाणू ओ१ च्या अँटीसेरात गुठळी करत नाहीत त्यांचं काय? ‘ओ१ नाही’ असं लिहून ते टाकण्याचा मोह होतो, कारण पाण्यात असे निरुपद्रवी व्हिब्रिओ पुष्कळ असतात. १९९२ च्या शेवटी मद्रासमध्ये नेमका असाच, ओ१ ला दाद न देणारा जिवाणू रुग्णांत सापडू लागला. मग कोलकाता, मग बांगलादेश. लहान मुलांपेक्षा मोठी माणसं जास्त आजारी पडत होती, कारण ओ१ ने आयुष्यभरात दिलेली प्रतिकारशक्ती या नव्याला ओळखत नव्हती. तोवर माहीत असलेल्या १३८ गटांपैकी तो कशातच बसेना, म्हणून त्याला ओ१३९ हा क्रमांक मिळाला. पुढे कळलं की तो मूळचा एल टॉरच, फक्त बाहेरचं आवरण बदललेला. त्या वेळी मद्रास आणि कोलकात्यातल्या लोकांनी गुठळी न होणाऱ्या प्लेटा फेकल्या असत्या तर आठव्या महासाथीची भीती घालणाऱ्या त्या जिवाणूचा पत्ता किती उशिरा लागला असता! आपल्याकडे पुढचा असा जिवाणू आला, तर तो ओळखणाऱ्या व्यवस्थेपर्यंत पोचेल का?

औषधांचा प्रश्न वेगळा नाही. येमेनमध्ये सुरुवातीला जो वंश पसरला तो पुष्कळशा प्रतिजैविकांना दाद देत होता. २०१८ च्या सुमारास त्याच वंशाने अनेक औषधांविरुद्धची जनुकं वाहणारा एक प्लास्मिड (डीएनएचं सुटं वर्तुळ) उचलला, आणि अ‍ॅझिथ्रोमायसिनसुद्धा निकामी झालं. मुलांना आणि गरोदर बायकांना आपण हेच औषध देतो. पुढे तसाच बहुऔषधरोधी जिवाणू लेबनॉनमध्ये, पूर्व आफ्रिकेत आणि हिंद महासागरातल्या मायोत बेटावर ओळखला गेला. मुंबई आणि पूर्व आफ्रिकेतली ये-जा शतकांची आहे. हा वंश इथे पोचला तर ते आपल्याला मृत्यूंच्या आकड्यांवरून कळावं, की पहिल्या चार रुग्णांच्या जिवाणूंवरून?

जीनोम वाचण्याचं बळ एवढ्यासाठी मोलाचं, की कॉलराच्या या वंशात बदल घड्याळासारखे साठत जातात, वर्षाला साधारण तीन-चार अक्षरं. म्हणून दोन जिवाणूंमधला फरक मोजला की ते एकमेकांपासून कधी दुरावले याचा अंदाज बांधता येतो. २०११ मध्ये जगभरच्या जिवाणूंचा असा हिशेब मांडला तेव्हा दिसलं की सातवी साथ बंगालच्या उपसागराच्या परिसरातून तीन लाटांत बाहेर पडली. जगाच्या त्या नकाशावर महाराष्ट्रातले ठिपके किती, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. एकाच गावातल्या घराघरांतला फरक पाहायचा असेल तर भराभर बदलणाऱ्या पुनरावृत्त तुकड्यांची मोजणी, म्हणजे एमएलव्हीए, अजूनही स्वस्त आणि उपयोगी आहे. कोणत्या फाजला बळी पडतो यावरून जिवाणूचा प्रकार ठरवण्याची, म्हणजे फाज टायपिंगची, पद्धत तर आपल्याच देशात, कोलकात्यात घडली. बसू आणि मुखर्जी यांनी १९६८ मध्ये ती मांडली आणि १९९३ मध्ये नवे फाज घालून ती वाढवली गेली. आज तिची जागा जीनोमने घेतली आहे, पण देशभरातून जिवाणू एका ठिकाणी पाठवण्याची शिस्त तिच्यामुळेच लागली. ती शिस्त आपण पुन्हा अंगी बाणवावी.

आता मागण्या. पहिली अगदी साधी आहे: प्रतिजैविकाची पहिली गोळी देण्याआधी रेक्टल स्वॅब (गुदद्वारातून कापसाच्या बोळ्यावर नमुना) घेतला जावा. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात जूनपासून कॅरी-ब्लेअर या नमुना नेण्याच्या माध्यमाच्या बाटल्या असाव्यात आणि त्या फ्रिजमध्ये ठेवू नयेत. थंडीने हा जिवाणू मरतो, आणि चांगल्या हेतूने बर्फात घालून पाठवलेला नमुना वाया जातो. रॅपिड टेस्टची पट्टी इशारा म्हणून चांगली, पण पट्टीतून जिवाणू हाती येत नाही. पट्टी पॉझिटिव्ह आली की कल्चर झालंच पाहिजे. अँटीसेरा साथीच्या तोंडावर संपलेला किंवा मुदत उलटलेला असणं, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की त्याची खरेदी मार्च-एप्रिलमध्येच व्हावी असा आग्रह धरते.

जपणुकीला उणे ऐंशीचा फ्रीजर असला तर उत्तमच, पण तो नसणं ही सबब होऊ नये. एक टक्का ट्रिप्टोन आणि एक टक्का मीठ घातलेल्या मऊ अगारमध्ये टोचून, वर निर्जंतुक लिक्विड पॅराफिन घालून, घट्ट झाकणाच्या छोट्या बाटलीत, अंधारात, खोलीच्या तापमानाला हा जिवाणू बराच काळ जगतो. साखर असलेलं माध्यम मात्र वापरू नये. स्वतःच्याच आम्लाने तो मरतो. हे काम जिल्ह्याची सर्वांत लहान प्रयोगशाळाही करू शकते. प्रत्येक उद्रेकातले सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे असे काही जिवाणू, गाव, तारीख, वय आणि पाण्याचा स्रोत या नोंदींसह ठेवावेत. रुग्णाचं नाव त्यात नको.

पाण्याचंही सांगते. ‘पिण्यास अयोग्य’ हा शेरा कोलिफॉर्म या विष्ठेची घाण दाखवणाऱ्या जिवाणूंवरून येतो. त्या पाण्यात कॉलराचा जिवाणू होता की नाही हे त्यातून कळत नाही. उद्रेकाच्या गावात विहिरीच्या आणि गटाराच्या पाण्यात मूर स्वॅब, म्हणजे जिवाणू अडकवणारी गॉजची गुंडाळी, सोडून व्हिब्रिओ शोधावा, त्याच्यात विषजनुक आहे का ते पाहावं, आणि मगच तो रुग्णांच्या जिवाणूशी जुळवावा. विषजनुक नसलेल्या पाण्यातल्या व्हिब्रिओवरून गावाला घाबरवण्यात अर्थ नाही. आणि जुळला, तर कोणती वाहिनी आधी खोदायची यावर ग्रामपंचायतीत वाद उरणार नाही.

सिक्वेन्सिंगसाठी, म्हणजे जीनोम वाचण्यासाठी, नवी इमारत नको. कोविडच्या काळात पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेपासून बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय, आयसर आणि एनसीसीएस या संशोधन संस्थांपर्यंत अनेकांनी हजारो नमुने वाचले. शिकलेले हात इथेच आहेत. मुंबईत हाफकिन संस्था आहे, आणि जिच्या संस्थापकाने १८९४ मध्ये कोलकात्याच्या वस्त्यांत कॉलराची लस टोचली, तिने राज्याचा जिवाणू-संग्रह सांभाळावा याहून योग्य काय? कमी आहे ती जिल्ह्याची बाटली त्या यंत्रापर्यंत नेण्याच्या लेखी आदेशाची आणि वाहतुकीच्या तरतुदीची. प्रत्येक उद्रेकातले पाच-दहा जिवाणू वाचले गेले तरी दोन-तीन पावसाळ्यांत राज्याचा नकाशा उभा राहील.

एका भीतीबद्दल मोकळेपणाने बोलायला हवं. वंश कळला तर कुणावर तरी ठपका येईल, म्हणून न कळलेलंच बरं, असा विचार काही अधिकाऱ्यांच्या मनात असतो. हैतीत माफीसाठी सहा वर्षं लागली ती याच वृत्तीमुळे. आणि ठपका पडलाच तर तो परत आलेल्या मजुरांवर, वारकऱ्यांवर किंवा एखाद्या वस्तीवर पडण्याचा धोका खरा आहे. म्हणून माझी मागणी अशी, की वंशाचा अहवाल पाणीपुरवठा आणि सांडपाणी यंत्रणेच्या दुरुस्तीशी जोडून प्रसिद्ध व्हावा, लोकांच्या जातीशी, गावाशी किंवा धंद्याशी जोडून नव्हे. जिवाणू आला कुठून हे जितकं महत्त्वाचं, तितकंच तो कुठल्या फुटक्या वाहिनीतून घरात शिरला हेही.

हे सगळं ज्यांना करायचं आहे त्या तंत्रज्ञांना निकाल परत कळायला हवा. आज ते नमुना पाठवतात आणि पुढे काय झालं हे त्यांना वर्तमानपत्रातून कळतं. दर तीन महिन्यांनी प्रत्येक जिल्ह्याला त्याच्या जिवाणूंचा सिरोटाइप, औषधरोध आणि वंश यांचा एक पानी अहवाल मराठीत मिळावा. तालुका आरोग्य अधिकारी तो वाचू शकेल आणि आशाताईंना समजावू शकेल अशा भाषेत.

आपल्याकडून तीन गोष्टींचं लेखी उत्तर मागते आहे. गेल्या पाच वर्षांत राज्यातल्या कॉलरा उद्रेकांतले किती जिवाणू जिवंत जपून ठेवले आहेत आणि कुठे? त्यांपैकी किती जिवाणूंचा जीनोम वाचला गेला? आणि पुढच्या जूनआधी, जिवाणू जपून संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा आदेश निघणार का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं शून्य असली तरी ती जाहीर करावीत. तिसऱ्यासाठी प्रशिक्षण लागलं तर मी आणि माझ्यासारखे निवृत्त सहकारी कुठल्याही जिल्ह्यात, कुठलंही मानधन न घेता यायला तयार आहोत.

आपली,
सूक्ष्मजीवशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका